उपकारस्तुती म्हंजे नेमकं करायचं काय असतं?

आमच्या सोलापुरात चर्चच्या दारात कुणालाही विचारा, काय अण्णा, कसं चाललंय, उत्तर ठरलेलं असतं, "देवाची कृपा, उपकार मानायचे त्याचे". म्हणणारा खरंच उपकार मानतोय का नुसती जिभेची सवय आहे हे त्याचं त्याला माहीत. पण संडे स्कूल संपवून कॉलेजला गेलेली पोरं आता सरळ विचारायला लागलीत, की देवाचे आभार मानायचे, ज्याला आम्ही उपकारस्तुती म्हणतो, म्हंजे नेमकं करायचं काय? त्याला आपल्या थँक्यूची काय गरज पडलीय? आणि घरात कुणाला कॅन्सर निघाला, नोकरी गेली, तेव्हा पण थँक्यूच म्हणायचं का? प्रश्न चांगलेत, आणि "असं विचारू नये बाळा" हे काही उत्तर होत नाही, म्हणून जमेल तेवढं साध्या भाषेत लिहितोय. ख्रिस्ती नसलेले मित्र पण वाचतील म्हणून मधे मधे फोडून सांगतो, जुन्या विश्वासू लोकांनी तेवढं चालवून घ्या.

आधी देवाला गरज आहे का हा प्रश्न उरकू, कारण त्याचं उत्तर शास्त्रात अगदी स्पष्ट आहे. बायबलमध्ये, म्हंजे आम्ही ज्याला पवित्र शास्त्र म्हणतो त्यात, स्तोत्रसंहिता नावाचं १५० स्तोत्रांचं पुस्तक आहे. त्यातल्या ५०व्या स्तोत्रात देव स्वतः बोलतो आणि जवळजवळ टोमणा मारल्यासारखा बोलतो, की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, हजारो डोंगरांवरची गुरं माझीच आहेत, मी काय बैलांचं मांस खातो का? आणि हे सुनावून झाल्यावर लगेच म्हणतो, उपकारस्तुतीचा यज्ञ कर. ज्याला कशाचीच गरज नाही तो मागतोय, म्हंजे गरज आपली आहे. आपल्याला विसरायला होतं, आणि विसरलेला माणूस हळूहळू वेगळाच माणूस होतो, हे शास्त्र पानोपानी सांगतं.

बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाचा ८वा अध्याय काढून बघा. इस्राएल लोक मिसरातल्या, म्हंजे इजिप्तमधल्या, गुलामीतून सुटून ४० वर्षं रानात भटकलेत आणि आता चांगल्या देशात पाऊल टाकणारेत. तिथं त्यांचा पुढारी मोशे त्यांना सांगतो की बाबांनो सांभाळा. आणि सांभाळा कशापासून, तर दुष्काळापासून नाही, शत्रूपासून पण नाही, भरलेल्या पोटापासून. चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, सोनं-रुपं साठेल, मग मनात येईल की हे सगळं मीच माझ्या हाताच्या जोरावर मिळवलं, आणि तिथंच देव विसरला जाईल. त्याच अध्यायात १०व्या वचनात म्हटलंय, खाऊन तृप्त झालास की देवाचा धन्यवाद कर. खाऊन झाल्यावर! आपण भाकरी समोर आली की डोळे मिटून प्रार्थना करतो ते चांगलंच आहे, येशू पण भाकर हातात घेऊन आधी आभार मानायचा, पण ज्यू लोक आजही या वचनावरून जेवण झाल्यानंतरची लांबलचक प्रार्थना करतात. भूक लागल्यावर देव आठवणं सोपं आहे हो, ढेकर दिल्यावर आठवणं अवघड.

आता उलटी बाजू, कुरकुर. यावर शास्त्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कांद्याची आहे आणि सोलापूरच्या माणसाला ती लगेच कळावी, कारण सीझनला मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची जी लाईन लागते ती आपण बघितलेली आहे. गणना नावाच्या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात इस्राएल लोक रानात मान्ना खाऊन कंटाळतात, मान्ना म्हंजे देव रोज सकाळी द्यायचा ते अन्न, आणि रडायला लागतात, मिसरात काय दिवस होते, मासे फुकट मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण! फुकट म्हणे. गुलाम होते तिथं, विटा पाडून पाठ मोडायची, पोटची पोरं नदीत फेकायचा हुकूम निघाला होता, पण आठवलं काय तर कांदा. कुरकुर करणाऱ्या माणसाची आठवण कमजोर नसते बरं का, उलट तल्लख असते, फक्त ती निवडक असते. चाबूक गाळला आणि लसूण ठेवला. आपण पण हेच करतो, जुनी कंपनी किती चांगली होती, पूर्वीचे पाळक, म्हंजे चर्चचे धर्मगुरू, किती चांगले होते, आणि ते पाळक असताना आपण काय काय बोलायचो ते सोयीस्कर गायब.

तर माझ्या मते उपकारस्तुतीचा गाभा इथं आहे. ती मुळात भावना नाहीये. मन भरून आलं तर छानच, पण नाही आलं तरी ती करता येते, कारण ते एक काम आहे, आठवण नीट ठेवायचं काम. देवानं काय केलं ते नेमकं आठवायचं, त्याचं नाव घेऊन बोलायचं आणि शक्यतो चार लोकांत बोलायचं. १०३व्या स्तोत्रात दावीद राजाचं वाक्य आहे ना, "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे सर्व उपकार विसरू नको", तो दुसऱ्या कुणाला सांगत नाहीये, स्वतःच्याच जिवाला धरून हलवतोय. जीव ऐकत नसणार म्हणूनच सांगावं लागतंय. आणि पुढे तो यादीच देतो, पापांची क्षमा करतो, रोग बरे करतो, खाचेतून जीव सोडवतो. "सगळ्याबद्दल थँक्यू प्रभू" एवढ्यावर तो थांबत नाही.

आता देवाणघेवाणीचं बोलू, कारण इथं आपल्याकडं सगळ्यात जास्त घोटाळा होतो. आपण ज्या मातीत वाढलो तिथं नवस सगळ्यांना माहीत आहे, देवा माझं एवढं काम कर, मी तुझं तेवढं करतो. ख्रिस्ती झालो म्हणून ही सवय गेली असं कुणी समजू नये, फक्त शब्द बदलले. पोराला नोकरी लागली तर पहिला पगार अर्पण, ऑपरेशन नीट झालं तर मंडळीला, म्हंजे चर्चच्या लोकांना, जेवण. आणि नवस शास्त्रात नाहीच असं पण म्हणता येत नाही, ११६व्या स्तोत्रात तो माणूस स्पष्ट म्हणतो की परमेश्वराला केलेले नवस मी त्याच्या सर्व लोकांसमोर फेडीन. मग फरक काय? त्याच स्तोत्रात त्याच्या आधी तो विचारतो, परमेश्वरानं माझ्यावर एवढे उपकार केले, ते मी कसे फेडू? आणि स्वतःच उत्तर देतो, तारणाचा प्याला हाती घेईन. म्हंजे फेडायला निघाला आणि करतोय काय तर अजून घेतोय! किराणा दुकानातली उधारीची वही असते तसं हे नाहीये, की एवढी प्रार्थना जमा, एवढा उपकार खर्च, महिन्याला मिळवून टाकला. देवाची उधारी फिटणारी नाहीच, आणि तो मागतही नाही.

हे क्रमावरून चांगलं कळतं. दहा आज्ञा सगळ्यांना माहीत असतात, पण त्या सुरू कशा होतात बघा, निर्गम २० मध्ये पहिलं वाक्य आज्ञा नाहीच, पहिलं वाक्य आहे की मी तुला मिसरातल्या दास्यातून बाहेर आणलं तो तुझा देव. आधी सुटका, मग नियम. चांगलं वागलात तर सोडवीन असा सौदा तिथं कुठंच नाही. १५६३ साली जर्मनीत हायडेलबर्ग शहरात १२९ प्रश्नोत्तरांचं एक धर्मशिक्षणाचं पुस्तक तयार झालं, रिफॉर्म्ड मंडळ्यांत, म्हंजे प्रॉटेस्टंटांच्या एका शाखेत, ते आजही शिकवतात, त्याचे तीन भाग आहेत, माणसाची दुर्दशा, माणसाची सुटका आणि तिसरा भाग कृतज्ञता. आणि दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना हे सगळं त्यांनी त्या तिसऱ्या भागात टाकलंय. म्हंजे खोटं न बोलणं, चोरी न करणं, आईबापाला मान देणं हीसुद्धा उपकारस्तुतीच. तोंडानं हालेलुया आणि वजनकाट्यात मापात पाप, असं चालत नाही याचं कारण तिथं आहे.

लूकच्या शुभवर्तमानातली, म्हंजे येशूच्या चरित्रातली, १७व्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट पण याच अंगानं वाचा. आपल्याला ती नेहमी नऊ जणांना शिव्या घालायला सांगितली जाते. पण नऊ जणांनी वाईट काय केलं? येशूनं सांगितलं जा, याजकांना, म्हंजे मंदिरातल्या पुजाऱ्यांना, दाखवा, ते गेले. अगदी सांगितलं तसंच वागले, नियमशास्त्रात पण तेच होतं की बरा झालेल्यानं याजकाकडं जायचं, मग तो समाजात परत घेणार. म्हंजे सर्टिफिकेटसाठी लाईनीत उभे राहिले म्हणा ना. आणि येशूनं त्यांचा बरेपणा काढून घेतला नाही, हे लक्षात ठेवा, आभार मानले नाहीत म्हणून रोग परत आला असं कुठंच लिहिलेलं नाही. एक मात्र मोठ्यानं देवाचं गौरव करत मागं फिरला, येशूच्या पायांवर पालथा पडला, आणि तो नेमका शोमरोनी, ज्याच्याशी ज्यू लोक पाणी पण पीत नसत. नऊ जणांना चांगली कातडी मिळाली. त्या एकाला ज्यानं ती दिली तो भेटला. एवढाच फरक, पण मला तो फार मोठा वाटतो. कृतज्ञता म्हंजे वस्तूवरून नजर उचलून देणाऱ्याच्या तोंडाकडं बघणं.

आता अवघड भाग, दुःख. याच्यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्या मंडळ्यांत यावरून माणसं दुखावली जातात. "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे वचन, १ थेस्सलनीका ५:१८, आपण भिंतीवर फ्रेम करून लावतो आणि मग कुणाच्या घरात जवान पोरगा गेला की तिथं जाऊन त्या माऊलीला तेच ऐकवतो, रडू नका, धन्यवाद म्हणा. मला हे सरळ क्रूर वाटतं. हे वचन ज्या पत्रात आहे ते येशूचा प्रचारक पौल यानं कुणाला लिहिलं ते तरी बघा, थेस्सलनीका शहरातली ही नवी मंडळी, लोकांच्या त्रासात जन्मलेली, पौलाला स्वतःला तिथून रातोरात निघावं लागलं होतं, आणि त्यांच्यातली काही माणसं मेली होती म्हणून ते शोकात होते. त्याच पत्राच्या ४थ्या अध्यायात तो त्यांच्याशी मेलेल्यांबद्दल बोलतो, आणि शोकच करू नका असं म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. म्हंजे उपकारस्तुतीचं वचन लिहिणाऱ्याला रडणारी माणसं माहीत होती. रोमकरांच्या पत्रात तर तो सरळ सांगतो, रडणाऱ्यांबरोबर रडा. रडणाऱ्याला गप्प करा असं म्हणत नाही.

स्तोत्रसंहितेत किती विलापाची गाणी आहेत माहितीय का? साधारण तिसरा हिस्सा. १३वं स्तोत्र अवघं सहा वचनांचं आहे, पहिल्या दोन वचनांत "किती काळ" हा प्रश्न चार वेळा येतो, किती काळ विसरशील, किती काळ तोंड लपवशील, आणि शेवटच्या वचनात तोच माणूस म्हणतो मी परमेश्वराला गाईन कारण त्यानं माझ्यावर उपकार केले. तक्रार आणि आभार एकाच तोंडात, एकाच प्रार्थनेत. आणि ८८वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात ते वळण येतच नाही, तरी ते देवाच्या पुस्तकात आहे, कुणी काढून टाकलं नाही. ईयोब, म्हंजे सगळं गमावलेला तो सज्जन माणूस, त्याच्या पुस्तकाचं तसंच. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे वाक्य प्रत्येक अंत्यविधीत म्हणतात, पण ते १ल्या अध्यायात आहे, आणि ३ऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, ते कुणी वाचत नाही. त्याचे मित्र आले तेव्हा त्यांनी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट म्हंजे सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

येशूचंच घ्या. लाजर नावाच्या मित्राच्या कबरीपाशी तो रडला, आणि त्याच कबरीपाशी थोड्या वेळानं म्हणाला, हे बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. दोन्ही त्याच ११व्या अध्यायात, योहानाच्या शुभवर्तमानात. आणि ज्या रात्री त्याला धरून दिलं त्या रात्री त्यानं भाकर घेतली आणि आभार मानून मोडली, दर प्रभुभोजनाला, म्हंजे चर्चमधल्या भाकर-प्याल्याच्या विधीला, आपण हे वाक्य ऐकतो आणि त्या रात्री पुढं काय वाढून ठेवलं होतं हे त्याला माहीत होतं हे विसरून जातो. धरून देणाऱ्याबद्दल त्यानं आभार मानले नाहीत. पण धरून दिलं जात असताना बापाशी बोलणं थांबवलं नाही. दुःखातली उपकारस्तुती मला एवढीच कळलीय, की जे झालं ते चांगलं होतं असं म्हणायची सक्ती नाही, देव मात्र अजून आपला आहे हे धरून ठेवायचं, दातओठ खाऊन का होईना.

हबक्कूक नावाचा संदेष्टा आहे, छोटं तीन अध्यायांचं पुस्तक. सुरुवातच करतो भांडणानं, देवा, किती वेळ ओरडू, तू ऐकत का नाहीस. आणि शेवटी म्हणतो, अंजिराला फूल नाही आलं, द्राक्षवेलीला फळ नाही आलं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आता हे आपल्या जिल्ह्यात वाचून बघा. पंढरपूरकडं द्राक्षं, सांगोल्याकडं डाळिंब, मंगळवेढ्याला ज्वारी, आणि मधूनमधून पावसाची दडी. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली माणसं अजून आहेत, त्यांच्यापुढं हे वचन वाचलं की ते मान हलवतात, त्यांना समजावून सांगावं लागत नाही. त्या संदेष्ट्यानं गोठा रिकामा नाहीये असं म्हटलं नाही. एकेक रिकामी जागा मोजली आणि मग "तरी" म्हणाला.

आणि अजून एक, हे मी मुद्दाम लिहितोय. उपकारस्तुतीच्या नावाखाली अन्याय गिळायला लावू नये. आपल्या शहरात विडी वळणाऱ्या बायका आहेत, पॉवरलूमवर रात्रपाळी करणारी माणसं आहेत, मिल बंद पडली तेव्हा घरी बसलेले आहेत. मजुरी कमी दिली, कापून घेतली, तर "देवानं दिलंय त्यात समाधान मानावं" असं त्यांना सांगणारा माणूस बहुतेक मजुरी देणाऱ्यांपैकी असतो. याकोबाचं पत्र ५:४ काढा, मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानापर्यंत गेलंय असं तिथं लिहिलंय. देव ती ओरड ऐकतो, मग आपण ती दाबायची का? दोन वेळच्या भाकरीबद्दल देवाचे आभार आणि बुडवलेल्या मजुरीबद्दल मालकाशी भांडण, दोन्ही एकाच दिवशी करता येतं.

चुकीची उपकारस्तुती अजून एका प्रकारची असते, ती गोड दिसते म्हणून जास्त धोक्याची. लूक १८ मधला परूशी, म्हंजे नियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून आभारच मानत होता, देवा, मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच, म्हणून तुझे आभार. आणि येशू म्हणतो तो नीतिमान ठरून घरी गेला नाही. आपण पोरांना शिकवतो ना, बघ ती रस्त्यावरची मुलं, त्यांना जेवायला नाही, तू आभार मान. त्यात हेतू चांगला असतो पण शिकवलं काय जातं, तर दुसऱ्याचं वाईट बघून स्वतःला बरं वाटून घ्यायला. त्या रस्त्यावरच्या पोरानं मग कुणाकडं बघून आभार मानायचे?

त्यापेक्षा लेवीय ७ मधली पद्धत भारी आहे, आणि लेवीय वाचायला कंटाळवाणं म्हणून कुणी तिथपर्यंत जात नाही. उपकारस्तुतीचा यज्ञ करायचा तर प्राणी आणि त्याबरोबर वेगवेगळ्या प्रकारच्या भाकरी आणायच्या, तेल घातलेल्या, बेखमीर, खमीर घातलेल्या. ज्यू परंपरेत मिश्ना नावाच्या ग्रंथात त्याचा हिशोबच दिलाय, एकूण ४० भाकरी. काही भाग याजकाला, बाकी आणणाऱ्यानं खायचं, पण अट अशी की मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाचा यज्ञ असेल तर दुसऱ्या दिवशी खाल्लं तरी चालतं, उपकारस्तुतीचं मात्र नाही. आता चार माणसांच्या घरात अख्खा प्राणी आणि ढीगभर भाकरी एका दिवसात कशा संपणार? शेजारी बोलवावेच लागणार, गल्लीत आवाज द्यावाच लागणार. आणि जेवायला आलेला विचारणारच, अहो, कशाबद्दल हे? मग सांगावं लागणार. नियमच असा करून ठेवलाय की आभार एकट्यानं मानताच येऊ नयेत.

आपल्या मंडळ्यांतला हार्वेस्टचा, म्हंजे सुगीचा, सण मला याच्याच नात्यातला वाटतो. कुणी ज्वारी आणतं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, कुणी शेंगाचटणीची बरणी, वेदीपुढं सगळं मांडायचं, उपासना झाली की अंगणात लिलाव. एक नारळ पाचशेला जातो, घेणारा परत अर्पण करतो आणि तोच नारळ पुन्हा लिलावाला येतो. मजा असते. पण कधीकधी दोन घराण्यांची चढाओढ लागते आणि कुणी किती बोली लावली याची चर्चा संध्याकाळपर्यंत चालते, तेव्हा तो परूशी आठवतो. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागतो आणि म्हणतो की या देण्यानं गरज तर भागतेच, शिवाय पुष्कळ लोकांच्या तोंडून देवाची उपकारस्तुती निघते. म्हंजे आपल्या देण्यामुळं आभार दुसऱ्याच कुणाच्या तोंडून निघाले पाहिजेत, आणि ते देवाचे, आपले नाही.

मानसशास्त्रवाले काय म्हणतात ते पण सांगतो, नाहीतर कॉलेजची पोरं म्हणतील की काका जुनंच सांगतात. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या दोन अमेरिकन संशोधकांनी २००३ साली एक अभ्यास छापला. काही विद्यार्थ्यांना १० आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल आभारी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला लावल्या, काहींना त्रासाच्या गोष्टी लिहायला लावल्या, काहींना नुसत्या घडलेल्या. आभाराचं लिहिणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं, ते व्यायाम पण जास्त करत होते. चांगलंच आहे, करा. फक्त ख्रिस्ती माणसाला तिथं एक प्रश्न उरतो, आभारी आहे हे ठीक, पण कुणाचा? झोप चांगली लागावी म्हणून आभार मानायचे तर तो व्यायामाचाच एक प्रकार झाला. झोप लागली तर बोनस समजा.

आता रोज करायचं कसं. रात्री झोपताना दिवस उलगडून बघायची जुनी पद्धत आहे, इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश माणसानं ती पाच टप्प्यांत बसवली, आणि त्यात पहिला टप्पा आभाराचा ठेवला, चुका शोधायचं काम नंतर. कॅथलिक म्हटलं की आमच्याकडं काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, पण चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी. क्रम महत्त्वाचा आहे, आधी चुका मोजायला बसलं की माणूस देवाला घाबरून झोपतो. आणि आठवायचं ते बारीक आठवायचं. "कुटुंबाबद्दल आभार" हे कुणीही म्हणेल, ते म्हणता म्हणता झोप येते. आज चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं आणि खालच्या अक्कांनी आपला पण बॅरल भरून ठेवला, ४३ डिग्रीत रिक्षावाल्यानं गल्लीच्या तोंडाशी न सोडता दारापर्यंत आणून सोडलं, पोरीचा ताप उतरला, हे आभार आहेत. लिहायला वेगळी महागडी डायरी नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो त्याच चौकोनात एक ओळ लिहा. महिनाअखेर दुधाचा हिशोब करताना ती वाचली जातेच. आणि अक्कांचे आभार देवाजवळ मानून झाले की अक्कांना पण सांगा, देवाला सांगितलं म्हणजे माणसाला सांगायची गरज नाही हा विश्वासू लोकांचा एक फार जुना आळस आहे.

मागणी करताना पण. फिलिप्पैकरांच्या पत्रात, ४:६ मध्ये, चिंता करू नका, मागणं देवाला कळवा, पण आभारप्रदर्शनासह, असं आहे, आणि हे पत्र तुरुंगातून लिहिलेलं आहे हे विसरू नका. गंमत म्हंजे प्रभूच्या प्रार्थनेत, जी येशूनंच शिकवली, त्यात आभार हा शब्दच नाही. पण "हे आमच्या पित्या" म्हणून सुरुवात केली की मागणारा भिकारी राहत नाही, घरचं पोर होतो, आणि घरच्या पोराला मागच्या वेळी काय मिळालं ते माहीत असतं.

काही दिवस असे येणार की तोंडातून शब्दच फुटणार नाही. तेव्हा ओढून ताणून करू नका, चर्चमध्ये जाऊन नुसतं बसा, बाकीचे गातील. १३६वं स्तोत्र याच कामाचं आहे, २६ वचनं आणि प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच, त्याची दया सनातन आहे. एकानं पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी दुसरा. त्यात सूर्य-चंद्रापासून मिसरच्या सुटकेपर्यंत सगळं येतं आणि शेवटाकडं साधं अन्न येतं, तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. घरगुती प्रार्थनेत हे करून बघा, २६ वचनं झाली की घरातल्या प्रत्येकानं आपल्या घराच्या इतिहासातलं एकेक वाक्य जोडायचं, आजी नांदेडहून सोलापूरला आली, बाबांची मिल बंद पडली पण फी भरली गेली, आणि सगळ्यांनी तेच उत्तर द्यायचं. लहान पोरांना हे फार आवडतं कारण त्यांना ओरडायला मिळतं.

राहता राहिली ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेतली साक्ष. उभं राहून वर्षभरात देवानं काय केलं ते सांगायचं, ही पद्धत चांगली आहे, ११६व्या स्तोत्रातल्या "सर्व लोकांसमोर" या शब्दांतच तिचं मूळ आहे. फक्त साक्ष म्हणजे देवानं काय केलं ते, आपण किती उपास केले, कुठल्या डॉक्टरची ओळख निघाली आणि जाऊबाई काय बोलल्या हे नाही. दोन मिनिटं पुरतात. बारा वाजायच्या आत अजून पंधरा जणांना बोलायचं असतं आणि पाळकसाहेब घड्याळाकडं बघत असतात.